जुमेरातचा लोबान आणि जुम्याची रांग

मराठवाड्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना जुमेरात वासावरून ओळखता येते. दुकानांची शटर वर जायची वेळ झाली की हिरव्या कफनीतला फकीर लोबानदान हलवत यायचा. दुकानात धुराची एक फेरी, गल्ल्यावरून मोरपिसांचा झाडू, तोंडाने दुआ, आणि दुकानदाराने वाटीतून काढून दिलेले नाणे. त्याला कुणी भिकारी म्हणत नसे. तो शाहजी होता. त्याचा वार ठरलेला, गल्ली ठरलेली. एखाद्या जुमेरातला तो आला नाही तर दुकानदारच शेजाऱ्याला विचारायचा, ‘शाहजी बीमार आहेत काय?’

नांदेडच्या इतवारा भागात किंवा लातूरच्या गंजगोलाईत असे शाहजी अजून अधूनमधून दिसतात. नाण्यांची वाटीही गल्ल्याशेजारी आहे. पण तिच्यापुढे येणारा हात आता बहुतेक वेळा बाईचा असतो, बुरख्याच्या बाहीतून पुढे आलेला. दुसऱ्या दिवशी जुम्याला हेच हात मशिदीच्या दारात रांगेने असतात. नमाज संपते, चपला शोधायची गर्दी होते, मोटारसायकली सुरू होतात आणि दोन-तीन मिनिटांत खिशातली चिल्लर वाटून होते. त्या बाईचे नाव काय, ती राहते कुठे, नवरा आहे की नाही, हे विचारायला त्या तीन मिनिटांत जागा नसते. शाहजी आला नाही तर कळायचे. ही बाई पुढच्या जुम्याला आली नाही तर कुणालाच कळणार नाही.

ही रांग आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब आहे. 2011 च्या जनगणनेत देशातल्या काम न करणाऱ्या लोकांपैकी सुमारे 3 लाख 70 हजार जणांची नोंद भिक्षेकरी म्हणून झाली. त्यात मुसलमान होते 92,760, म्हणजे चारांत एक. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान सातांत एक आहेत. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. एकूण भिक्षेकऱ्यांत पुरुष जास्त, 53 टक्के. मुसलमान भिक्षेकऱ्यांत मात्र बायका जास्त, 56 टक्क्यांहून अधिक. हे आकडे 2016 साली प्रसिद्ध झाले, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पर्दा, हया आणि बाईच्या इज्जतीवर आपल्याकडे इतके बोलले जाते, आणि हात पसरायला बाहेर पडणाऱ्यांत आपल्याच बायका पुढे आहेत. या आकड्यावर जुम्याच्या बयानात बोललेले मी तरी ऐकलेले नाही.

दार उघडायचे काम घरात आपण बायकाच करतो. म्हणून दारात आलेल्या बाईला नाणे देताना दोन वाक्ये बोलायची, असे मी गेल्या रमजानपासून ठरवले. सगळ्याजणी बोलत नाहीत. काही ‘अल्लाह भला करे’ म्हणून पुढे जातात, काहींना वाटते आपण पोलिसांत सांगू. ज्या बोलल्या त्यांच्या कहाण्यांत फार वेगळेपण नव्हते. एकीचा नवरा मजुरीला हैदराबादला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. तलाक दिलेला नाही, खर्चही नाही. एकीचा मुलगा आहे, सूनही आहे, पण घरात तिचा हंडा वेगळा. एका म्हातारीला भाकर मिळते, पैसे लागतात ते बीपीच्या गोळ्यांना. तिला मी निराधार योजनेचे विचारले तेव्हा ती हसली. ‘कागदां मांगते वो लोगां. घरच नई तो कागद कां से लाऊं बेटी?’

तिचे म्हणणे योजनेच्या अटींशी ताडून बघितले तर त्यात खोटे काही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 पासून आहे. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या बायका, अपंग, अनाथ मुले अशांसाठी ती आहे. 65 वर्षांवरच्या निराधारांना श्रावणबाळ योजना आहे. 2023 साली दोन्हींतली रक्कम दरमहा 1500 रुपये झाली. पण वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला हवा. राज्यात 15 वर्षे राहिल्याचा पुरावा हवा. आधार कार्ड हवे, आधारला जोडलेले बँक खाते हवे. जिला भाड्याची खोलीही नाही तिने रहिवासाचा पुरावा कुठून आणायचा? जिला नवऱ्याने तलाक न देता सोडले तिने कोणता कागद दाखवायचा? ज्याला योजनेची सर्वांत जास्त गरज, त्याच्याकडेच कागद सर्वांत कमी. 1500 रुपयांत महिना निघत नाही हे खरे. पण जुम्याच्या रांगेत चार मशिदी फिरून जे मिळते त्याच्याशी तुलना केली तर ही रक्कम लहान नाही. शिवाय ती घरी बसून, मान खाली न घालता मिळते.

आपल्या दीनमध्ये मागण्याला पसंती नाही आणि मागणाऱ्याला झिडकारण्याचीही परवानगी नाही. सूरह जुहामध्ये मागणाऱ्याला हुसकावू नये असा स्पष्ट आदेश आहे. दोन्ही गोष्टी एकत्र कशा जमवायच्या, हे समजायला दोन प्रसंग पुरेसे आहेत. एक प्रेषित मुहम्मद (स.) यांचा. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाला त्यांनी आधी विचारले, तुझ्या घरात काही आहे का? एक जाडेभरडे कापड आणि पाणी प्यायचे एक भांडे होते. ते मागवून प्रेषितांनी (स.) लिलाव केला, दोन दिरहम आले. एका दिरहममध्ये घरात धान्य भरायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले. दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा. एक वृद्ध, नजर गेलेला यहुदी दारोदार मागताना त्यांना दिसला. तुझ्यावर ही वेळ का आली, असे त्यांनी विचारले. म्हातारपण, गरज आणि जिझियाचा बोजा, असे उत्तर मिळाल्यावर त्याला घरी नेऊन काही दिले, मग बैतुलमालच्या खजिनदाराला सांगून त्याची आणि त्याच्यासारख्यांची कायमची सोय लावली.

हे प्रसंग आपण बयानात अनेकदा ऐकले आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांचा अर्थ ‘कष्ट करा’ किंवा ‘उदार व्हा’ एवढाच सांगितला जातो. मला त्यातली पहिली पायरी महत्त्वाची वाटते. दोन्ही ठिकाणी आधी विचारपूस झाली, मग मदत ठरली, आणि दोघांना मिळालेली मदत वेगवेगळी होती. धडधाकट माणसाला कुऱ्हाड मिळाली. अंध म्हाताऱ्याला कुणी कुऱ्हाड दिली नाही, त्याला निर्वाह मिळाला. आपण सगळ्यांना एकच नाणे देतो.

आणि जे हात पसरतच नाहीत त्यांचे काय? सूरह बकरामध्ये अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे लाजेखातर मागत नाहीत आणि ज्यांना अनोळखी माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो. लातूर हे शिकवणीचे शहर. बाहेरगावची हजारो मुले इथे राहतात, त्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बायकांत आपल्या किती विधवा आहेत ते बघावे. निकाल लागून मुले घरी गेली, मेस बंद पडली की दोन महिने त्यांची चूल कशी पेटते? त्या मशिदीच्या दारात येत नाहीत, म्हणून आपल्या जकातीतही येत नाहीत. काम करायची तयारी आहे, हाताला सवय आहे. कमी पडते ते मोठा तवा, गॅसची शेगडी आणि पहिल्या महिन्याचे पीठ. कुऱ्हाडीचा हिशेब इथे अगदी चपखल बसतो.

जकातीबद्दल एक गोष्ट बोलून टाकते. रमजानमध्ये कापडाच्या दुकानांत ‘जकातवाली साडी’ नावाचा वेगळा ढीग लागतो. पातळ, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी, घरातली कुठलीही बाई नेसणार नाही अशी. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग, आपण मागतो म्हणून तो ठेवतो. अशा वीस साड्या वाटल्या की आपली जकात झाली, आणि घेणारीकडे ईदपर्यंत अशा पाच साड्या जमल्या. ती त्या दुसऱ्या दुकानात निम्म्या भावाने विकते, मग आपणच म्हणतो, बघा, धंदा करतात.

‘धंदा करतात’ हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत टोळीने येणारे असतात. खोटी पट्टी बांधणारे असतात. भाड्याने घेतलेले तान्हे मूल कडेवर असल्याची शंका येते आणि कधी ती खरीही असते. पण फसवणूक ओळखायचा उपाय कोणता? दुरून चेहरा बघून सोंग ओळखता येत नाही. नाव, गाव, पत्ता विचारला, घरी जाऊन आलो, तर दोन भेटींत कळते. सोंग करणारा विचारपुशीला टाळतो. म्हणजे ज्यांना फसवणुकीची चीड आहे त्यांनी तर जास्तच विचारले पाहिजे. त्यांच्यापैकी बहुतेक जण फक्त द्यायचे बंद करतात.

सरकारचा उपाय वेगळा होता. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार भीक मागणे हाच गुन्हा. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. भिकेची व्याख्या एवढी रुंद की गाणे, नाच, भविष्य सांगणे, कसरत करून पैसे घेणे हेही तिच्यात येते. म्हणजे लोबानवाले शाहजीही आले, वासुदेव आणि मसणजोगीही आले. एकीकडे राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी, वाघवाले-शाह अशी नावे सन्मानाने नोंदलेली, आणि दुसरीकडे त्यांच्या पिढीजात फिरण्यावर कलम. राज्यातल्या भिक्षेकरीगृहांत काम करणाऱ्याला महिन्याला 5 रुपये मेहनताना मिळत असे. तो दिवसाला 40 रुपये करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला 2025 साली. इतकी वर्षे ते पाच रुपये कुणाच्या नजरेत आले नाहीत.

न्यायालयांनी मात्र या कायद्याकडे वेगळ्या नजरेने बघितले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बदर दुर्रेझ अहमद यांनी 2006 साली नाइलाजाने मागणारा आणि इतर यांत फरक केला पाहिजे असे ठरवले. 2018 साली त्याच न्यायालयाने दिल्लीपुरती या कायद्यातली शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. कोरोनाच्या काळात, जुलै 2021 मध्ये, रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयात आली तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड आणि शाह यांच्या पीठाने ती मान्य केली नाही, कारण मुळात पर्याय असता तर कुणी भीक मागितली नसती. महाराष्ट्रात कायदा अजून लागू आहे. आणि कायदा शिथिल झाला तरी मोठे पाहुणे आले की शहरे काय करतात ते आपण शेजारी पाहिले आहे. 2017 च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी इव्हांका ट्रम्प येणार म्हणून हैदराबादमध्ये भीक मागण्यावर बंदी आली आणि माणसे उचलून तुरुंगाच्या आवारातल्या निवाऱ्यांत नेली. नांदेडहून हैदराबादला ज्यांचे रोजचे येणे-जाणे आहे त्यांना तेव्हाचे मोकळे चौक आठवत असतील.

कायद्यापेक्षाही भयंकर असते ती अफवा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मोबाइलवर मुले पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता, तेवढे पुरले. असा मेसेज आपल्याही फॅमिली ग्रुपवर येतो आणि आपण तो ‘सावधान’ म्हणून पुढे ढकलतो.

भीक आणि बेघरपण या दोन गोष्टी एकच नाहीत, तरी रात्री दहानंतर त्या एकाच ठिकाणी झोपलेल्या दिसतात. नांदेडचे रेल्वे स्थानक, लातूरचे बसस्थानक, गंजगोलाईतल्या बंद दुकानांपुढच्या पायऱ्या. गोलाईची ती मधली दुमजली इमारत 1917 ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातली. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. दिवसा त्या रस्त्यांवर सोन्यापासून मिरची-गुळापर्यंत सगळे विकले जाते, रात्री दुकानाच्या पायरीवर एक माणूस आणि एक पोते.

नांदेडबद्दल एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. इथे कुणी उपाशी झोपायचे कारण नाही. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जात-धर्म न विचारता पंगत बसते, आपल्यातली कितीतरी माणसे तिथे जेवून येतात आणि शीख बांधवांनी कधी कुणाला कमी लेखले नाही. पण त्यातूनच एक गोष्ट उघड होते. जेवणाचा प्रश्न एवढा सुटलेल्या शहरातही माणसे रस्त्यावर आहेत, म्हणजे त्यांना भाकरीहून दुसरे काही कमी आहे: छप्पर, औषध, कागद आणि एखादा ओळखीचा माणूस.

छपराचा हिशेब सोपा आहे. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास आणि वर्षभर चालणारा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितले. पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातही हेच प्रमाण धरले गेले. 2011 मध्ये नांदेड-वाघाळ्याची लोकसंख्या साडेपाच लाख होती आणि लातूरची पावणेचार लाखांवर. त्या हिशेबाने नांदेडला किमान पाच आणि लातूरला तीन निवारे हवेत. तुमच्या शहरातला बेघर निवारा कुठे आहे हे दहा माणसांना विचारून बघा. नगरसेवक मत मागायला आला की त्यालाही विचारा. ज्याला थंडीत तिथे नेऊन सोडायचे त्याचा पत्ताच आपल्याला ठाऊक नसेल तर चादर वाटून किती भागणार?

लातूर जिल्ह्याला बेघर होणे म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गावेच्या गावे गेली, आणि सगळा देश धावून आला. नवी गावे वसली, घरे मिळाली. ज्याचे घर एकट्याचेच जाते, कधी दारूने, कधी सावकाराने, कधी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाने, त्याच्यासाठी ट्रक येत नाही.

सरकारी दवाखान्यांभोवती आणखी एक वस्ती असते. विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण महाविद्यालयाच्या रुग्णालयात हिंगोली, परभणीच काय, तेलंगणाच्या सीमेवरूनही पेशंट येतात. आत एक पेशंट, बाहेर दोन नातेवाईक, खिशात परतीचे भाडेही नाही. जकातीच्या आठ हकदारांत ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर, आहे आणि ‘गारिमीन’, म्हणजे कर्जात बुडालेले, तेही आहेत. आपल्या यादीत हे दोघे सहसा नसतात. जकातीचे मसाइल आपल्या इमामसाहेबांना विचारावेत. सदका मात्र कुणालाही देता येतो, नाव ऐकून हात आखडायचे कारण नाही.

स्वतःशी बोलत फिरणाऱ्या, केसांच्या जटा झालेल्या माणसाला आपल्याकडे ‘मस्त’ किंवा ‘मजजूब’ म्हणून सोडून दिले जाते. कुणी दुआ मागते, पोरे दगड मारतात. तो बहुतेक वेळा आजारी असतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे डॉ. भरत वाटवानी अशा माणसांना रस्त्यावरून नेऊन उपचार करतात आणि बरे झाल्यावर घरी पोचवतात. त्यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला ताब्यात घेऊन 24 तासांत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली आहे. पोलिसांना हे सांगायला अर्ज, वकील लागत नाही, 112 ला फोन पुरतो.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिर-मशिदींच्या दारात बसलेल्यांवर तिथेच उपचार करतात, त्यांच्याशी नाते जोडतात आणि जमेल त्यांना छोटे काम लावून देतात. नांदेड-लातूरच्या एखाद्या मशीद कमिटीला एवढे जमणार नाही असे गृहीत धरू. तरी एक वही घालता येईल. जुम्याच्या रांगेतल्या प्रत्येकाचे नाव, मूळ गाव, रात्री कुठे झोपतात, कागद कोणते आहेत, कोणता आजार. बायकांशी बोलायला कमिटीतल्या पुरुषांनी जाऊ नये, त्यांच्या घरच्या बायकांनी जावे. पंचवीस नावे झाली की दिसेल, सहा-सात जणी निराधार योजनेत बसतात आणि अडले आहे ते आधारच्या पत्त्याशी किंवा उत्पन्नाच्या दाखल्याशी. त्यासाठी मोहल्ल्यातला एक शिकलेला मुलगा सेतू केंद्रात चार फेऱ्या मारायला तयार हवा. वीस घरांनी पाच-पाच हजार जकात एकत्र केली तर एक लाख होतात, म्हणजे दोन हजार भाड्याच्या चार खोल्या वर्षभर. खोली मिळाली की भाडेकरार, करार झाला की पत्ता, आणि पत्ता झाला की आधार, रेशन, खाते. अंत्योदय कार्ड मिळाले तर महिन्याला 35 किलो धान्य.

वहीत मुलांचे पान वेगळे ठेवावे. भीक मागणारे मूल कायद्याने गुन्हेगार नाही, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक आहे. त्याच्याकडून भीक मागवून घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. कडेवरचे बाळ दिवसभर उठत नसेल, किंवा तेच बाळ आज एका बाईकडे आणि उद्या दुसरीकडे दिसत असेल, तर 1098 ला कळवावे. बालकल्याण समिती चौकशी करते. एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी 14567 हा नंबर आहे. हे दोन्ही नंबर मशिदीच्या नोटीस बोर्डावर, नमाजच्या वेळापत्रकाखाली, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.